बंडगरांकडची मुलाखत

मोनिकानं बापाकडून शब्द घेतला होता, तोही येडाईच्या देवळाच्या पायरीवर उभं करून. दिवाळीच्या आत नोकरी लागली, तर पुढं दोन वर्षं घरात लग्नाचं नाव कुणी काढायचं नाही. नाही लागली, तर जो येईल त्याच्यासमोर ती डोक्यावर पदर घेऊन मुकाट बसेल. भागवतनं देवीकडं बघितलं, मग पोरीकडं बघितलं आणि ‘बरं’ म्हणाला. भागवत एस.टी.त कंडक्टर. सुट्टे पैसे परत करण्याच्या बाबतीत कळंब डेपोत त्याच्याइतका सरळ माणूस नाही असं सगळे म्हणत, आणि सुट्ट्यांपुरतं ते खरंही होतं.

तोवर दोन स्थळं येऊन गेली होती. पहिल्यांना मोनिका सावळी वाटली आणि दुसऱ्यांना जास्त शिकलेली. सावळेपणावर तिच्याकडं इलाज नव्हता आणि शिक्षणावर तिला इलाज करायचा नव्हता. बी.कॉम.ला असताना टॅक्स हा विषय तिला का कोण जाणे फार आवडला. जीएसटी म्हटलं की बाकीच्या मुलींना झोप यायची, हिची उडायची. पण येरमाळ्याच्या हायवेवर धाबे आहेत, टायरवाले आहेत, रसवंत्या आहेत. टॅक्सचं ऑफिस एकही नाही. कळंबच्या एकानं मुली नकोत म्हणून तोंडावर सांगितलं. बार्शीच्या एकानं अनुभव विचारला. नोकरीशिवाय अनुभव कुठून आणायचा, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

म्हणून एका संध्याकाळी भागवत ड्युटीवरून आला आणि खाकी शर्टाची बटणं काढता काढता बोलला, तेव्हा तिचा कानांवर विश्वास बसेना.

‘‘मोने, धाराशिवला एक टॅक्सवाले हायेत. गोरोबा बंडगर. मूळ ईट गावचे, आपल्यातलेच. माझ्या गाडीला असत्यात कधीमधी. त्यांला हुशार पोरगी पायजे. इंटरव्ह्यूला बोलवलंय.’’

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, अशी गत झाली असं तिला वाटलं. दुसरा डोळा कसला होता, ते कळायला अजून आठवडा होता.

तो आठवडा मोनिकाच्या आयुष्यातला फार सुखाचा गेला. रोज जेवणं झाली की भागवत तिची वही मांडीवर घेऊन बसायचा आणि बसमध्ये ‘तिकीट, तिकीट’ म्हणतो त्याच सुरात प्रश्न विचारायचा.

‘‘टीडीएस म्हंजी काय?’’

‘‘पैसे देतानाच कापून घेतलेला कर.’’

‘‘कुणी कापायचा?’’

‘‘देणाऱ्यानं.’’

‘‘आन् न्हाय कापला तर?’’

त्याला उत्तरातलं ओ की ठो कळत नसे, पण तिचं बोलणं अडखळलं की तो बरोबर पकडायचा. ‘‘पुन्यांदा सांग. खाली बघून बोलू नगंस.’’ तिची आई, तारामती, भांडी घासता घासता ऐकायची आणि गालातल्या गालात हसायची. दिवसभर गाडीत उभं राहून आलेला बाप आपल्यासाठी जागतोय, हे बघून मोनिकाला भरून यायचं. असा बाप येरमाळ्यात दुसरा नसेल, असं तिला मनापासून वाटत होतं.

ठरल्या दिवशी ती उठली तर आई घरात नव्हती. ‘‘येडाईला गेलीय, तुझ्यासाठी साकडं घालायला,’’ भागवत म्हणाला. त्यानं रजा टाकली होती. पांढरा शर्ट घातला होता, दाढी गुळगुळीत केली होती.

‘‘आण्णा, इंटरव्ह्यूला कुणी वडलांना घेऊन जात नाही.’’

‘‘म्या न्हाय आत येत. आलो तर गप बसतो. आन् साडी नेस. सायेब लोकांपुढं बरं दिसतं.’’

साडी तर साडी. नोकरी मिळत असेल तर ती नऊवारीसुद्धा नेसली असती.

बंडगरांचं ऑफिस तहसीलच्या मागच्या गल्लीत होतं. पुढं ऑफिस, मागं घर आणि मध्ये एक फुलाफुलांचा पडदा. टेबलामागं गोरोबा बंडगर बसले होते. चष्मा कपाळावर चढवलेला, टेबलावर फायलींचे गठ्ठे. बाजूच्या टेबलावर पन्नाशीच्या एक बाई कॉम्प्युटरवर बिलं चढवत होत्या. नजर बिलावर आणि बोटं आपली आपण आकडे दाबत होती.

‘‘ह्या महादेवी,’’ गोरोबा म्हणाले. ‘‘खरं सांगायचं तर हे ऑफिस ह्याच चालवतात.’’

मोनिकानं मनातल्या मनात त्यांना सीनिअर मॅडम करून टाकलं. ऑफिसात बाईमाणूस आहे, तेही एवढ्या मानाचं, हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. भागवत आत येणार नव्हता तो आत येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीवर बसलासुद्धा.

गोरोबांनी सोप्यापासून सुरुवात केली. पगारदाराचं रिटर्न कोणतं, दुकानदाराचं कोणतं, उशीर झाला तर दंड कसा लागतो. भागवतनं घोटून घेतलेलं सगळं तिला आठवत गेलं. खाली न बघता तिनं उत्तरं दिली. दोनदा ती चुकली, पण चुकले म्हणून तिनं स्वतःच सांगितलं, आणि ते गोरोबांना बरोबर उत्तरापेक्षा जास्त आवडलेलं दिसलं.

मग महादेवीबाईंनी खुर्ची वळवली. ‘‘उंची किती गं?’’

मोनिका दचकली. पण ऑफिसात ओळखपत्र करतात, त्यावर लिहीत असतील. तिनं उंची सांगितली.

‘‘रक्तगट?’’

म्हणजे ओळखपत्रच. तिनं तोही सांगितला.

‘‘मामा कुठले?’’

‘‘वाशीचे.’’ आपल्याकडं हा प्रश्न पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी विचारतात, त्यामुळं तो तिला खटकलाही नाही.

‘‘भाकरी थापता येती?’’

आता मात्र तिनं बापाकडं बघितलं. बाप पंख्याकडं बघत होता. इंटरव्ह्यूत उमेदवाराला मुद्दाम गोंधळात टाकणारे प्रश्न विचारतात, असं तिनं मोबाईलवर एका माणसाला सांगताना ऐकलं होतं. डोकं थंड ठेवायचं आणि उत्तर द्यायचं. ‘‘येते. ज्वारीची येते, बाजरीची जरा तुटते,’’ ती म्हणाली. महादेवीबाई हसल्या आणि तिला वरच्या फळीवरची एक फाईल काढून आणायला सांगितली. ती उठली, चालत गेली, टाचा उंचावून फाईल काढली आणि चालत परत आली. तेवढा वेळ दोघंही तिच्या चालण्याकडं बघत होते, हे तिला फाईल टेबलावर ठेवताना जाणवलं. काहीतरी विचित्र वाटलं खरं. पण माणसाला एखादी गोष्ट फार हवी असली की विचित्र वाटलेलं तो गिळून टाकतो.

फाईल तेरखेड्याच्या एका फटाकेवाल्याची होती. ‘‘आज वीस तारीख,’’ गोरोबा म्हणाले. ‘‘आज ह्याचं महिन्याचं रिटर्न जायला पाहिजे. समजा हे तुमच्याकडं दिलं, तर किती कर भरायला सांगाल?’’

मोनिका महादेवीबाईंच्या खुर्चीत बसली. विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, कागद, दारू, पुठ्ठे, वाहतूक. थोड्याच वेळात आपण हे सगळं इंटरव्ह्यूसाठी करतोय हे ती विसरून गेली. खरेदीच्या गठ्ठ्यात एक फ्रीज निघाला. तिनं बिल उलटसुलट करून बघितलं. पत्ता घरचा होता.

‘‘सर, हा फ्रीज कारखान्याच्या खर्चात घातलाय. पण तो घरी गेलाय. त्याच्यावरचा कर ह्यातनं वजा करता येणार नाही. मी काढलाय.’’

गोरोबांनी महादेवीबाईंकडं बघून भुवया उडवल्या. त्यांनी चष्मा लावून सगळं ओळीनं तपासलं, मग मान डोलावली. ‘‘बराबर काढलंय. माझ्यासारखंच.’’

‘‘भीमा, ओटीपी आला का बघ,’’ गोरोबांनी पडद्याकडं तोंड करून हाक दिली. आतून एका पुरुषाच्या आवाजानं आकडे सांगितले. गोरोबांनी ते कॉम्प्युटरवर टाकले आणि खुर्चीत मागं रेलले.

‘‘झालं. ह्याच्यापेक्षा आणखी काय बघायचं?’’ ते भागवतला म्हणाले. ‘‘आमच्याकडनं काही अडचण नाही.’’

नोकरी लागली. मोनिकाच्या कानात दडे बसल्यासारखं झालं. दोन वर्षं. दोन वर्षं कुणी तिच्या रंगाबद्दल बोलणार नव्हतं, सकाळच्या गाडीनं यायचं होतं, ह्या बाईच्या शेजारी बसून काम शिकायचं होतं. तिनं भागवतकडं बघितलं तर त्याचे डोळे भरून आले होते. तिचेही आले.

महादेवीबाई उठल्या आणि त्यांनी पडदा बाजूला केला. ‘‘तारामतीबाई, या आता भाईर. पोरगी लई गुणाची हाय तुमची.’’

पडद्यातून तिची आई बाहेर आली.

हिरवं इरकल नेसलेली, कपाळावर मोठं कुंकू लावलेली, नाकात नथ. मोनिकाच्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की घरी काहीतरी वाईट झालंय आणि आई ते सांगायला आलीय. ती खुर्चीवरून अर्धवट उठली. पण आई हसत होती. आईच्या मागून कडक घडी मोडलेला शर्ट घातलेला एक तरुण आला. त्याच्या हातात ट्रे होता आणि ट्रेमध्ये पोह्यांच्या बशा. त्यानं ट्रे ठेवला, तिच्याकडं एकदा बघितलं आणि लाजून मान खाली घातली. गोरोबांनी एक खुर्ची ओढून तिच्या बरोबर समोर ठेवली.

तेव्हा तिला कळलं. उंची, रक्तगट, मामा, भाकरी, फळीवरची फाईल, सगळं एका झटक्यात उलटं फिरून तिच्यासमोर आलं, आणि प्रत्येक प्रश्नाला आपण किती मन लावून उत्तर दिलं हे आठवून तिला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

‘‘आण्णा, हे काय आहे?’’

भागवत पुन्हा पंख्याकडं बघू लागला. तारामतीचं हसू जागच्या जागी थांबलं. ‘‘काय म्हंजी? बघायचा कार्यक्रम हाय की. तुला म्हाईत हाय न्हवं?’’

‘‘मला इंटरव्ह्यू म्हणून आणलंय.’’

तारामतीनं नवऱ्याकडं बघितलं. ‘‘तुमी तर म्हन्ला पोरगी तयार हाय. तिच्यापुढं इषय काढू नगं, लाजती, म्हन्ला. बायकांनी आधी जाऊन घर बघायचं म्हणून मला पयल्या गाडीनं धाडलं.’’

‘‘म्हणजे मुलीला माहितीच नाही?’’ गोरोबांनी चष्मा कपाळावरून काढला. त्यांचा चेहरा खरोखर उतरला होता. ‘‘भागवतराव, मी तुम्हाला गाडीतच विचारलं होतं.’’

भीमाशंकर, म्हणजे तो शर्टवाला तरुण, त्यानं समोरची खुर्ची हळूच मागं घेतली. त्याला कुठं बसावं ते समजेना, तेव्हा तो उभाच राहिला.

‘‘आण्णा,’’ मोनिका म्हणाली. ‘‘रोज रात्री वही घेऊन बसत होता ते काय होतं?’’

‘‘ते खरंच हुतं की,’’ भागवत कळवळून म्हणाला. ‘‘त्यांनी सांगितलं हुतं, सून कामाची पायजे, टॅक्सचं यायला पायजे. म्हणून तर जागलो. मोने, मला लबाडी करायची न्हवती. तुला टॅक्सचंच काम पायजे हुतं ना? आता जल्मभर मिळालं. घर बी चांगलं, मान्सं बी चांगली. आधी सांगितलं असतं तर हितं आली असतीस का तू?’’

‘‘नसते आले.’’

‘‘मंग?’’

तो खोटं बोलला होता आणि त्याला अजूनही वाटत होतं की आपण पोरीचं सोनं केलं. तिला रडू येत नव्हतं, रागही पुरता येत नव्हता. ज्या माणसाच्या भरवशावर ती इतकी धीट झाली होती, त्यानंच तिला हातानं धरून इथं आणून बसवलं होतं. पण आत कुठंतरी एक शेवटची आशा शिल्लक होती, आणि ती तिनं सोडली नाही. ती गोरोबांकडं वळली.

‘‘सर, लग्नाचं राहू द्या. माझं काम तुम्ही बघितलंय. मला नोकरी द्या.’’

गोरोबा अवघडले. माणूस वाईट नव्हता. ‘‘काम उत्तम आहे तुमचं, त्यात वादच नाही. पण बाहेरची मुलगी आम्ही ठेवत नाही. शिकवायचं, तयार करायचं आणि लग्न होऊन ती जाते दुसरीकडं. म्हणून तर ठरवलं की घरातच आणायची. काम हेच. खुर्ची हीच.’’

‘‘आणि पगार?’’

हे ऐकून गोरोबांना हसू आवरलं नाही. टिंगल म्हणून नव्हे, लहान मुलानं काहीतरी गंमतशीर विचारावं तसे ते हसले. ‘‘अहो, घरच्या माणसाला कसला आलाय पगार? सगळं तुमचंच की. आता आमच्या ह्यांनाच बघा.’’ त्यांनी हात केला तो महादेवीबाईंकडं.

मोनिकानं त्या बाईकडं बघितलं. तिच्या सीनिअर मॅडमकडं, म्हणजे गोरोबांच्या बायकोकडं. दुसरा धक्का पहिल्यापेक्षा हळू बसला, पण जास्त खोल गेला.

महादेवीबाईंच्या हातात पोह्यांची बशी होती. ती त्यांनी टेबलावर फायलींच्या गठ्ठ्यावर ठेवली, जिथं बशी ठेवलेली गोरोबांना मुळीच चालत नसावी, कारण त्यांचा हात आपोआप पुढं आला.

‘‘बघा म्हणताय तर बघू द्या की तिला,’’ त्या म्हणाल्या.

‘‘अगं, पाहुणे आहेत.’’

‘‘पाहुण्यांपुढंच बोलते. तुमी एकट्यानं कधी ऐकलंय?’’ त्या मोनिकाच्या समोरच्या, नवऱ्या मुलासाठी मांडलेल्या खुर्चीत बसल्या. ‘‘पोरी, जागा हाय का म्हणून इचारलंस ना? न्हाय. ती म्या भरलीय. हा भीमा पाळण्यात हुता तवापास्न. आता बोटं सुजत्यात, मान वळत न्हाय, म्हणून माझ्या बदली माणूस बघायला निघालेत. मला बी बरं वाटलं हुतं, खोटं कशाला बोलू? म्हन्लं सून आली की माझी सुटका. तेरखेड्याचं रिटर्न तुझ्याकडनं करून घितलं, ते आत्ता सरकारला गेलं बी. ते काम माझं हुतं. मला लई हलकं वाटलं.’’

मोनिकाला वाटलं होतं, ती सरावाची फाईल होती.

‘‘पगार किती, म्हणून इचारायचं असतं,’’ महादेवीबाई म्हणाल्या. ‘‘हे मला आज कळलं. एवढी सोपी गोष्ट, माझ्या तोंडात कधी आली न्हाय.’’ मग त्या नवऱ्याकडं वळल्या, न चिडता, खरोखर माहिती विचारावी तशा. ‘‘सांगा की. माझा किती झाला?’’

गोरोबांनी तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब केलेला माणूस, पण हा हिशोब त्यानं कधी मांडलाच नव्हता. भीमाशंकर आईकडं असा बघत होता, जणू ही बाई त्याला आजच दिसली. भागवत दाराशी जाऊन चपला शोधू लागला.

‘‘तू जा, पोरी,’’ महादेवीबाई म्हणाल्या. ‘‘पोहे खायाचे असले तर खा. पण माझ्या ह्या कामाच्या खुर्चीत परत बसू नगंस.’’

तारामती उठली आणि तिनं मोनिकाचं मनगट धरलं. गोरोबांना, महादेवीबाईंना हात जोडले आणि ती लेकीला घेऊन बाहेर पडली. येरमाळ्यात तिला नवऱ्याच्या पुढं चालताना कुणी बघितलेलं नव्हतं.

गल्लीच्या तोंडाशी भागवतनं त्यांना गाठलं. ‘‘मोने, बापाशी बोलायचं न्हाय व्हय?’’ मोनिका पुढं चालत राहिली. बोलली असती तर जे बोलू नये ते बोलली असती. तो तारामतीकडं वळला. ‘‘तू तरी सांग तिला. म्या काय वाईट केलं? आन् नोकरी तर लागली न्हाय. दिवाळी आली तोंडावर. देवीपुढं ठरलेलं हाय.’’

तारामती थांबली. ‘‘देवीपुढं तुमी बोलला आन् तुमीच मोडलं. आता म्या बोलते. दोन वर्षं माझ्या उंबऱ्यात पाहुणा यायचा न्हाय. नोकरी लागू दे, नायतर न लागू दे.’’

‘‘आन् आला तर?’’

‘‘तर तुमी बसा त्याच्यापुढं पदर घिऊन.’’

भागवत तिच्याकडं बघतच राहिला. मोनिकाही. आज सकाळपासून बसलेल्या धक्क्यांत हा एकच असा होता, ज्यानं तिला रडू फुटलं. भर रस्त्यात ती आईच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देत राहिली आणि तारामती येणाऱ्याजाणाऱ्यांकडं न बघता उभी राहिली.

रडणं ओसरलं तेव्हा आईनं समोरच्या इमारतीकडं मान केली. ‘‘वर बोर्ड हाय तो कशाचा? मला वाचता येत न्हाय.’’

मोनिकानं डोळे पुसून वाचलं. कर सल्लागार, लेखापाल, दुसरा मजला. ‘‘टॅक्सवालेच आहेत.’’

‘‘मंग चल. तयारी तर झालीयच.’’

भागवत दोन पावलं मागं येऊ लागला. ‘‘तुमी खालीच थांबा,’’ तारामती म्हणाली, आणि तो थांबला.

वर एक तरुण बाई फोनवर बोलत होती. तिनं हातानं बसायची खूण केली. मोनिका बसली नाही. फोन संपेपर्यंत ती टेबलासमोर उभी राहिली, आणि बाईनं ‘बोला’ म्हटल्यावर आपलं नाव, गाव, शिक्षण सांगायच्या आधी तिनं विचारलं, ‘‘तुमच्याकडं जागा आहे का, आणि पगार किती देता?’’